ब्रेकचे पाइप

गाडी थांबवण्याचा माझ्या मामेसासऱ्यांइतका सखोल विचार साऱ्या वाशीम जिल्ह्यात कुणी केला नसेल. त्यांच्या शेलूबाजार गावातली माणसं गाडी पळते किती, लिटरला जाते किती, एवढंच विचारतात. मामांनी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर एक जुनी, लाल, दोघांपुरतीच स्पोर्ट्स कार आणली आणि घरी आणल्या दिवसापासून तिच्या ब्रेकची काळजी सुरू केली. गाडी इतकी बुटकी, की गतिरोधक आला की मामा खाली उतरून आधी त्याची उंची वितीनं मोजत. मागे जीपवाले हॉर्न वाजवून थकत. मामी तीत एकदाच बसल्या. "हिच्यात भाजीची थैली कुठी ठेवाची?" एवढंच म्हणाल्या. पुढं मामी गेल्या, आणि बाजूच्या सीटवर थैलीसाठी भरपूर जागा झाली.

मग ब्रेकचे रबरी पाइप चिरले. मंगरूळपीरचे मिस्त्री म्हणाले, "मामू, नवे रबराचेच टाकतो. घंट्याभराचं काम हाय." मामा कसले ऐकतात! रबर दाबानं फुगतं, पेडल मऊ पडतं. पाइप हवेत ते स्टीलची जाळी विणलेले. मग जाळीवर प्लास्टिकचं आवरण हवं की नको? आवरण नसलं तर आपली काळी माती जाळीत बसेल का? बसली तर जाळी आतल्या नळीला घासेल का? गाडी कापडाखाली उभी, आणि मामा रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन पुण्याच्या एका दुकानातल्या विक्रेत्याला फोन लावून बसत. तो भला माणूसही न कंटाळता बोले. पाइपावरून गोष्ट त्याच्या लेकीच्या दातांवर जाई, तिथून त्याच्या आईच्या गुडघ्यांवर. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. मी एकदा म्हणालो, "मामा, घेऊन टाका ना आता."

"घाई कायले, जावाई? ब्रेकचं काम हाय. इचार करून राह्यलो न मी."

एक दिवस फोनवर दुसराच आवाज आला. पहिल्या माणसानं नोकरी सोडली होती. नवा म्हणाला, "काका, कोणते हवेत ते व्हॉट्सॲप करा, पाठवून देतो." मामांनी त्याच मिनिटाला कळवून टाकलं. इतक्या महिन्यांचा प्रश्न, चहा निवायच्या आत सुटला.

पाइप आले, मिस्त्रींनी बसवले, ब्रेकमधली हवा काढली. मामांनी मला बोलावलं. कारंज्याच्या रस्त्याला गाडी मोकळी सोडली, आरशात मागे कुणी नाही हे पाहिलं आणि ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत, जागच्या जागी उभी राहिली.

"कसं आहे पेडल?" मी विचारलं.

"दगडावाणी." मामा समोर पाहत राहिले. "आता काई पाहाचं नाही राह्यलं."

दोन्ही बाजूंना सोयाबीन उभं होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मामांनी ब्रेकवरचा पाय उचलला नाही, आणि घरी चला म्हणायची माझीही जीभ रेटेना.

"मामा, चहा कारंज्यालाच घ्यायचा का?"

"कारंजा? लय लांब पडते ते," मामा म्हणाले. मग थोडं हसले, आणि पाय अगदी हळूच उचलला.