घिवलीच्या वाडीत निघालेला हात

त्या खोक्याची आठवण झाली की आजही मला हसू येतं. तेव्हा मात्र हसण्यासारखं काहीच नव्हतं.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. बोईसर पट्ट्यातल्या एका ठाण्यात मी नवीन फौजदार होते. शाळा इंग्रजी, त्यामुळे ठाण्याची ठरावीक मराठी मला लिहिता येत नसे. बोलणंही बेताचंच.

खबऱ्याने सांगितलं, घिवलीच्या एका वाडीत माडासाठी खड्डा खणताना माणसाचा हात निघाला. आम्ही पंचनामा केला, हाडं खोक्यात भरली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाच बोटं जुळवली, तरी तुकडे उरले. उरलेले दुसऱ्या हाताचे, असा त्यांनी अभिप्राय दिला. त्याच वाडीतला गडी दोन वर्षांपूर्वी मालकाशी भांडून नाहीसा झाला होता. संशयाला एवढं पुरे झालं.

मालक साठीचे. सगळे त्यांना भाऊ म्हणत. रोज चौकशीला बोलावणं असे. आमच्या साहेबांनी कितीही दरडावलं तरी उत्तर एकच : गड्याने काठी मारली, मी पडलो, तो पळाला. आणि हाडं?

"किनाऱ्याला मेलेला मोठा मासा लागलेला. बापाने माडाला खत म्हणून पुरला."

"माशाला हात असतो का हो, भाऊ?" साहेब म्हणाले, आणि सगळं ठाणं हसलं. मीही हसले. जबाब मीच लिहीत होते. सफाईने गाळायची कला नव्हती, म्हणून ते वाक्य जसंच्या तसं उतरलं.

गड्याची बायको डोंगरातल्या पाड्यावरून येऊन ठाण्याच्या दारात बसायची. घरच्यांनी सुतक धरलं होतं. तिने धरलं नव्हतं. मला म्हणाली, "हात दावला तुमी. तोंड दावा, मंग रडते."

त्याच आठवड्यात पालघरला शवविच्छेदन करणारे डॉक्टर आणि तपास अधिकारी यांच्यासाठी एक दिवसाची उजळणी होती. कुणालाच जायचं नव्हतं, म्हणून मला पाठवलं. शिकवायला आलेल्या प्राध्यापकांनी टेबलावर हाडांचा एक पंजा मांडला आणि विचारलं, कुणाचा? बाईचा, पुरुषाचा, पोराचा. पैज लागल्यासारखी उत्तरं आली.

"डॉल्फिनचा," ते म्हणाले. "कोळी त्याला मासाच समजतात. पोहायच्या पंखात पंजासारखीच हाडं असतात. तुकडे मोजा. आपल्या बोटात तीन, अंगठ्यात दोन. याच्या मधल्या बोटांत कितीतरी जास्त."

माझा हात वर गेला. इतक्या माणसांत मी कधी बोलले नव्हते. "सर, आमच्या हातातले तुकडे उरलेत."

सभागृह हसलं. आमच्या दवाखान्याचे डॉक्टर पुढच्याच रांगेत होते. सगळ्यात मोठ्याने तेच हसले, आणि मग त्यांनी कपाळाला हात लावला.

दोन दिवसांनी प्राध्यापक आणि पंच यांच्यासमोर खोक्याचं सील तोडलं. तुकडे ओळीने लागत गेले. एकही उरला नाही.

खून निकाली निघाला, पण माणूस सापडला नव्हता. आता गडी जिवंत आहे असं धरून शोध सुरू झाला. वीटभट्ट्यांवर वर्णन पाठवलं आणि भिवंडीकडच्या एका भट्टीवर तो मिळाला. आपल्या काठीने मालक मेला असं समजून तो लपला होता.

ठाण्यात भाऊंना पाहून तो उंबऱ्यावरच थांबला. "ये आत," भाऊ म्हणाले. "मी जिता हाय. तुझ्या मरणापायी हजेऱ्या देऊन माझ्या चपला झिजल्या."

बायको म्हणाली, "लपायचाच होता, तं मला सांगून लपायचा."

पुढे अशा उजळणीला मी दर वेळी स्वतःहून नाव दिलं. खरं उत्तर पहिल्या दिवसापासून आमच्याच कागदात होतं. ते वाचायला आम्हाला पुन्हा बाकावर बसावं लागलं. मेलेल्यांची उत्तरं शोधणाऱ्याने शिकणं थांबवलं, तर त्याची शिक्षा जिवंत माणसं भोगतात.

त्या दिवशी गड्याचा जबाब झाला. डाव्या अंगठ्याचा ठसा हवा होता, पण तो हात बायकोने घट्ट धरला होता. मी शाईची डबी मिटली आणि सगळ्यांना चहा सांगितला.