दाजींचे बिल्ले

ये गं, अशी जवळ सरक. आणि आधीच दात काढू नको. दाजींचं नाव निघालं की तुम्ही पोरी हसायलाच लागता. माझ्या धाकट्या बहिणीचे हे मालक म्हणजे साऱ्या जालना जिल्ह्याची काळजी एकट्याच्या अंगावर घेतलेला माणूस!

गावच्या देवळाबाहेर चपला सांभाळायचं काम त्यांच्याकडं. चपला खणात ठेवायच्या, त्या खणाच्या नंबराचा पितळी बिल्ला माणसाला द्यायचा. बिल्ला परत आला की तोच पुढच्याला. एवढं साधं. पण जत्रेत तीन खिडक्यांवरून तीन माणसं एकदम बिल्ले उचलायची, आणि दाजींचा जीव टांगणीला. डब्यात एका वेळी एकच हात! दुसऱ्यानं नुसती बोटं पुढं केली तरी ओरडायचे, "थांब की बाप्पा, त्याचा हात भाईर येऊ दे!" परत आलेला बिल्लाही लगेच डब्यात न्हाई. खण रिकामा झाला का, ते स्वतः वाकून बघायचे, मंगच सोडायचे. रांगेतून कुणी ओरडायचं, "दाजी, चपला ठेवायच्यात, जमीन न्हाई नावावर करायची!" मीही म्हणायची, एक नंबर दोघांकडं जाईलच कसा? "जाईल, अक्का," ते म्हणायचे, "बराबर गर्दीतच जाईल."

बारशातही तेच. शेजारच्यांनी बाळाला आजोबांचं नाव ठेवायचं ठरवलं, तर हे भर मांडवात म्हणाले, "म्हातारा अजून जित्ता हाय, तिथं बसून चहा पिऊन राह्यला. नाव परत आल्याबिगर दुसऱ्याला कसं देता?" म्हाताऱ्याला ठसकाच लागला.

यंदा जत्रेत दाजी आरतीला गेल्ते. तेवढ्यात कमिटीवाल्यांनी नवे बिल्ले आणले, तेही पुन्हा एकपासूनच नंबर टाकलेले, आणि जुन्यांच्याच डब्यात ओतले. गर्दीत एकेका खणात दोन-दोन जोड कोंबले गेले. दुपारी एक म्हातारे गुरुजी बिल्ला घेऊन आले, तर खणात भलत्याच चपला. गुरुजींना शुगर, पायाची जखम नुकती भरत आलेली, डॉक्टरनं खास करवून दिलेल्या मऊ चपला गायब, आणि खाली चैत्रातली फरशी!

दाजी पांढरेफटक पडले. "गुरुजी, पाय खाली टेकवू नका," म्हणत त्यांना बाकावर बसवलं आणि स्वतः अनवाणीच बसथांब्याकडं पळाले. मी मागं. उभ्या बसमध्ये चढले आणि तोंडं न बघता नुसते पाय बघत चालले. एका बाईनं तर छत्री उगारली! मागच्या सीटवर तीर्थपुरीचा एक पाव्हणा सापडला, पायात गुरुजींच्याच चपला. तो म्हणतो, "मला वाटलं देव पावला, चपला मऊ लागून राह्यल्या!"

गुरुजींचा पाय वाचला. दाजींनी मात्र काम सोडलं. "अक्का, बस निघून गेली असती तर?" अजून विचारतात. कमिटीनं जुने बिल्ले त्यांनाच देऊन टाकले. आता ते डबा घेऊन ओसरीवर बसतात, येईल त्याच्या हातात एक बिल्ला ठेवतात. पण येतंय कोण? पूर्वी सांजेला डबा भरला की त्यांना झोप लागायची. आता तो दिवसभर भरलेलाच असतो, आणि तेच त्यांना सोसत न्हाई.

परत लवकर ये बाई, पोरांना घेऊन ये. मी नेते तुम्हाला त्यांच्याकडं. चपला दारात काढा, एकेक बिल्ला घ्या, आणि परत द्यायची जल्दी करू नका.