गेसा ओल्टमानचा निरोपाचा केक

ब्रेमरहाफेन या जर्मन बंदरातल्या मासळी कारखान्यात गेसा ओल्टमानला बावीस वर्षं झाली होती. मासा सोलावा तसं माणसाला सोलणारी तिची जीभ, त्यामुळे मुकादमही चार हात लांब उभे राहायचे.

मग नवं यंत्र आलं आणि त्याच्यामागोमाग नवा मॅनेजर. कपडे बदलायच्या खोलीत त्यानं तिच्यापुढे कागद धरला. "आपण होऊन सोडते म्हणून सही करा. नाहीतर सोमवारी मीच काढतो." बाई आयुष्यात एकदाच घाबरली, आणि नेमकं तेव्हाच तिच्या हातात पेन होतं.

शेवटच्या दिवशी तिनं केकच्या दोन पराती नेल्या. आमच्याकडे जाणाऱ्यानंच केक आणायचा असतो. हाकलून दिलेला माणूसही ही रीत मोडत नाही. पण कारखान्यानं बेकारभत्त्याच्या कचेरीला कळवलं, बाई राजीखुशीनं गेल्या, केकसुद्धा वाटला! आपण होऊन नोकरी सोडणाऱ्याचा कापतात तसा कचेरीनं तिचा बारा आठवड्यांचा भत्ता कापला. तक्रारीलाही तेच उत्तर मिळालं. तेव्हा गेसा वकिलाशिवाय कोर्टात उभी राहिली.

साक्षीला आलेल्या मॅनेजरनं धमकी कबूल केली, पण म्हणे, "ते मी सहज बोललो." न्यायाधीशबाईंनी तडजोड सुचवली, निम्मा भत्ता मिळेल. कचेरीचा अधिकारी लगेच मान डोलवू लागला.

"घे गं बाई, पदरात पडतंय ते घे," मागून बहीण वीबके कुजबुजली.

"घेतलं तर मी निम्मी खोटारडी ठरते," गेसा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मी गेले नाही, मला घालवलं. सगळा द्या, नाहीतर छदामही नको."

"मग केक कशाला वाटलात?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"चोरासारखी मागच्या दारानं जायला हवं होतं का? ज्यांच्याबरोबर बावीस वर्षं बर्फात हात घातले, त्यांना दिला. या मॅनेजरला तुकडाही नाही दिला, तेही लिहून घ्या!"

न्यायाधीशबाईंशेजारी पंच म्हणून बसलेली एक बसड्रायव्हर बाई हसू दाबत अधिकाऱ्याकडे वळली. "साहेब, तुमच्या कचेरीतनं कुणाला काढलं तर केक कोण आणतं?"

तो लाल झाला. "जाणाराच."

वीस मिनिटांनी निकाल आला. सगळे उभे राहिले. ओल्टमानबाईंनी धमकीमुळे सही केली, स्वखुशीनं नोकरी सोडली नाही. पूर्ण भत्ता द्यावा. वीबके रडायलाच लागली. न्यायाधीशबाईंनी बसायला सांगितलं, सगळे बसले. गेसा उभीच.

"ते 'स्वखुशीनं सोडली नाही' पुन्हा एकदा वाचा, बाईसाहेब," ती म्हणाली. "जरा मोठ्यानं. मॅनेजरसाहेब पार मागच्या बाकावर बसलेत."