पहिला पीस ओके!

संत तुकाराम नगरच्या चौकात आम्ही रिटायर मंडळी रोज चहाला जमतो. विषय गुडघ्यांवरून निघो नाहीतर नातवंडांवरून, पाचव्या मिनिटाला कुणीतरी म्हणतंच, "आज गफूरभाई असते तर..." झालं! एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू. लेथखाली लोखंडाचा कीस साचावा तसे हे साचत गेलेत. कीस निदान रोज झाडून टाकता येतो, हे कुठं टाकणार?

सगळे किस्से एकाच शब्दाचे आहेत. ओके! आता हा शब्द शेंबडं पोरही बोलतं. फोन ठेवताना ओके, भाजीवाल्याला ओके, भांडण मिटलं तरी ओके. पण सत्तर सालच्या आसपास, पिंपरीतल्या आमच्या पंपांच्या कंपनीत, तो शब्द फक्त एका माणसाच्या तोंडून ऐकू यायचा. ते म्हणजे इन्स्पेक्टर गफूरभाई, चिंचवडगावचे. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो.

पद्धत अशी होती. शिफ्ट सुरू झाली की मशीनवर एकच पीस, म्हणजे पंपाचा एकच सुटा भाग, करायचा आणि मशीन थांबवून तो चाचांकडं न्यायचा. चाचा मायक्रोमीटर लावून त्याची जाडी मोजणार. माप बसलं तर "ओके" म्हणून ब्रशनं हिरवा ठिपका, नाहीतर लाल. हिरवा ठिपका पडल्याशिवाय दुसरा पीस करायचा नाही, मग मोठा साहेब येऊन उभा राहिला तरी!

मी मोशीहून सायकल मारत यायचो. लेथवर टर्नर होतो, पण टेम्पररी. सहा महिन्यांनी चाचांनी माझ्या कामाच्या कार्डावर ओके लिहून सही केली तर परमनंट, नाहीतर घरी. माझ्या आधीचे दोघं घरी गेले होते.

* * *

पहिल्याच दिवशी मी पीस नेला. चाचांनी मोजला आणि लाल ठिपका ठेवला.

"चाचा, केसभरच जास्त आहे. जवळजवळ ओके आहे की!"

चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. "लग्न झालंय का तुझं?"

"नाही."

"म्हणजे जवळजवळ झालंय!"

अख्खं मशीन शॉप हसलं. मी परत जाऊन केसभर काढला.

* * *

एकदा कँटीनमध्ये वाद पेटला, हा ओके आला कुठून? कोण म्हणे गोऱ्या पलटणीतून, कोण म्हणे तारखात्यातून. तेवढ्यात नवे इंजिनिअर साहेब ताट घेऊन आमच्यात बसले. ते म्हणाले, अमेरिकेत कुणीतरी गंमत म्हणून 'ऑल करेक्ट'चं स्पेलिंग मुद्दाम चुकीचं लिहिलं, 'ए'च्या जागी 'ओ' आणि 'सी'च्या जागी 'के', त्याची ही आद्याक्षरं. तेच पुढं जगभर चाललं.

चाचांचा घास हातातच राहिला.

"म्हणजे 'सगळं बरोबर' हेच चुकीचं लिहिलं? आणि ते जगभर पाठवलं?"

"हो."

"तिथं इन्स्पेक्शनला कोण होतं?"

साहेबांना ठसका लागला. पाणी चाचांनीच दिलं.

* * *

ही पद्धत मी घरी आईला सांगितली आणि पस्तावलो. दुसऱ्या दिवशी तिनं पहिली भाकरी तव्यावरून काढली, आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पुढं ठेवली आणि तवा खाली उतरवला.

"पैला पीस हाय. ओके करा, मंग बाकीच्या थापते."

आबांनी भाकरी उलटीपालटी केली. "कडंला करपलीया. पर चालंल, ओके हाय."

"चालंल म्हंजी ओके न्हाई!" आईनं ती भाकरी बाजूला ठेवली. "तुमी इन्स्पेक्टर व्हायच्या लायकीचं न्हाई."

भुकेनं जीव चालला होता माझा. हे चाचांना सांगितलं तर म्हणाले, "आईला कंपनीत आण!"

* * *

तळवड्याचा भीमराव कांबळे मिलिंग मशीनवर होता. त्याला पोरगी द्यायची म्हणून मुलीचे वडील एका शनिवारी गेटवर चौकशीला आले. कुणीतरी त्यांना चाचांकडं धाडलं.

"तीन वर्षं तुम्ही त्याचं काम बघताय. मुलगा कसा आहे?"

दुसरा कुणी असता तर लगेच 'लाखात एक' म्हणून मोकळा झाला असता. चाचा म्हणाले, "आज नाही सांगत. सोमवारी याल?"

"सोमवारीच का?"

"सोमवारचा पहिला पीस माणसाचा रविवार सांगतो."

भीमरावला यातलं काहीच माहीत नव्हतं. सोमवारी त्यानं नेहमीसारखा पीस आणून दिला. चाचांनी एकदा मोजला, दोनदा मोजला आणि सरळ गेटवर गेले. मुलीचे वडील सकाळपासून तिथं उभेच होते. चाचांनी त्यांच्या तळहातावर तो पीस ठेवला.

"ओके!"

आज भीमरावला तीन नातवंडं आहेत. तो पीस त्याच्या घरी शोकेसमध्ये आहे, त्यावरचा हिरवा ठिपकाही.

* * *

आता माझ्या कार्डाचं सांगतो. सहा महिने संपत आले, शनिवारी सही व्हायची होती. चाचा तेव्हा मोजायला खिडकीशी जायला लागले होते. आम्ही म्हणायचो, वय झालं, उजेड लागणारच.

शुक्रवारी सकाळी मी पहिला पीस नेला. चाचांनी खिडकीशी धरून मोजला. "ओके." हिरवा ठिपका पडला.

मशीनवर परतलो आणि सवयीनं एकदा मीही मोजला. माप कमी भरलं. पुन्हा मोजला, तरी कमीच. जास्त असतं तर काढता येतं, कमी झालेलं लोखंड परत लावता येत नाही. हा पीस भंगारातच जाणार होता.

खोटं कशाला बोलू, मी तो पीस मुठीत घेऊन बराच वेळ उभा राहिलो. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. पुढचे पीस मापात करता आले असते आणि उद्या सही होती. बोललो तर माझा पीस गेला आणि चाचांची अब्रूही गेली. भीमरावनं लांबून विचारलं, "काय राव, मशीन बंद का?"

मी चाचांकडं गेलो. "चाचा, परत एकदा बघा ना."

त्यांनी खिडकीशी नेऊन पाहिलं. मग मायक्रोमीटर माझ्या हातात दिला. "तू वाच."

मी आकडा वाचला. चाचांनी चिंधीनं हिरवा ठिपका पुसला, लाल ठेवला आणि एप्रन काढून सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेले. बाहेर आले ते आमच्याकडं बघून हसले.

"सांगून आलो. डोळे मापात राहिले नाहीत. सोमवारपासून मी स्टोअरला."

भीमराव डोळे पुसत होता. मला तर मान वर करवेना.

शनिवारी त्यांनी मला बोलावलं. टेबलावर माझं कार्ड होतं. "सही कुठं करायची? बोट ठेव." मी बोट ठेवलं. त्यांनी बोटाला लागून ओके लिहिलं, सही केली. मग ब्रश उचलला, माझा हात उलटा केला आणि मनगटावर हिरवा ठिपका ठेवला.

घरी आलो. आबांना सगळं सांगितलं. आई आतून घासलेटचा बोळा घेऊन आली आणि माझं मनगट धरून पुसायला लागली. आबांनी तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे," म्हणाले, "त्यो पुसू नगंस."