मुरलेली नळी

बिडाचा तवा धुवायचा नसतो, मुरू द्यायचा असतो, आणि बंदुकीची नळीही तशीच, या दोन गोष्टींवर डेलमर क्रोगमनची श्रद्धा होती. पहिली त्याला आईने शिकवली होती. दुसरी त्याने पहिलीवरून स्वतःच काढली होती. आणि स्वतः काढलेल्या गोष्टीइतकी माणसाला दुसरी कुठलीच खरी वाटत नाही.

गॅरेजमध्ये तो मोटारींच्या चाकांना लावायची जुनी शिशाची वजनं वितळवायचा, साच्यात ओतून अंगठ्याएवढ्या जाड गोळ्या काढायचा. विकतच्या गोळ्या मारणाऱ्यांना तो ‘गिऱ्हाइकं’ म्हणे. नळीला आतून पेचदार खाचा होत्या. त्या धरून गोळी गरगरत सुटते, म्हणून सरळ जाते. पण प्रत्येक बारासरशी थोडं शिसं खाचांत चिकटून राही. "मुरतेय," डेलमर म्हणायचा. वर्षानुवर्षं मुरता मुरता नळी आतून त्याच्या युक्तिवादांसारखीच गुळगुळीत होऊन गेली होती.

हरणांचा हंगाम तोंडावर आला तसे शिकारीच्या टोळीतले सगळे खडीच्या खाणीत निशाण जुळवायला जमले. आभाळही कुणीतरी शिसं साच्यात ओतल्यासारखं करडं. गवताच्या गठ्ठ्यावर कागदी ताटली टाचली. डेलमरचा पहिला बार मातीत गेला, दुसरा गठ्ठ्यात. तिसऱ्याने ताटलीला लांबोडकं भोक पाडलं.

"आडवी गेली रे गोळी," त्याचा मेव्हणा वेंडेल म्हणाला. "पोटावर झोपून गेली."

"आडवी गेली की जखम मोठी होते."

"हो, गठ्ठ्याला बरीच झालीय."

सगळे हसले. वेंडेल हसला नाही; टोळीचा म्होरक्या तो होता. बाकीचे मक्याच्या रानातून हाकारे घालत येत आणि हरणं ओढ्यालगतच्या कुंपणाच्या कोपऱ्यावर निघत. त्या कोपऱ्यावर वर्षानुवर्षं डेलमर बंदूक रोखून उभा राहत आला होता. चर्चमध्येही त्याला इतकी मानाची जागा कधी मिळाली नव्हती.

"कोपरा या वर्षी कार्लीनला देऊ," वेंडेल म्हणाला. कार्लीन त्याची मुलगी. "तिची नवी रायफल आहे."

"रायफलने काय, कुणीही मारेल."

"तेच तर हवंय, डेलमर. कुणीतरी मारायला हवं. गुरुवारी परत ये. तीन गोळ्या ताटलीत, तर कोपरा तुझा."

घरी आल्यावर त्याने बायकोला, आर्लिसला, सगळं सांगितलं. दोष त्याने वाऱ्याला दिला, गठ्ठ्याला दिला, कार्लीनच्या पिढीला दिला.

"कोपरा गेला तर मी जाणारच नाही," तो म्हणाला. "हंगामभर घरीच बसेन. तुला सोबत होईल."

आर्लिसच्या हातातला डाव थांबला. मागे गुडघा दुखावला तेव्हा तो असाच घरी होता, आणि बटाटे कसे सोलावेत ते तिला रोज सांगत होता.

"नळी एकदा साफ करून बघ की," ती म्हणाली.

"तवा धुतेस तू?"

"तव्यातून मी हरणं मारत नाही."

तो गॅरेजमध्ये निघून गेला.

गुरुवारी तिन्ही गोळ्या ताटलीत गेल्या. भोकं गोल होती आणि एका कॉफीच्या कपाखाली झाकली गेली असती. वेंडेलने बंदूक हातात घेतली, नळी नाकाशी नेली.

"लिंबाचा वास येतोय रे."

"ओतताना मी काय घालतो ते तुला सांगणार नाही," डेलमर म्हणाला.

कोपरा त्याचा झाला. परतताना त्याने कार्लीनला मुरण्याचं तत्त्व गाडीपर्यंत समजावलं. बिचारीने ऐकून घेतलं.

घरी येऊन तो हात धुवायला मोरीशी गेला. लिंबाच्या वासाच्या साबणाशेजारी तांब्याच्या तारेची घासणी पडली होती, आणि तिच्या तारांत करड्या, चकाकत्या पापड्या अडकल्या होत्या. आपलं शिसं त्याने आपल्या अक्षरासारखं ओळखलं. पाणी बराच वेळ वाहत राहिलं. मागे आर्लिस बटाटे सोलत होती, तिच्या पद्धतीने.

"बाजारात जाशील तेव्हा ही घासणी आणखी एक आण," तो शेवटी म्हणाला. "भांड्यांना."

"भांड्यांना एक पुरते," ती म्हणाली.

त्याने नळ बंद केला. "दोन आण," तो म्हणाला, आणि बटाट्यांविषयी काही बोलला नाही.