दात घेऊन आलेलं बाळ

माझा मुलगा दात घेऊनच जन्माला आला. खालच्या हिरडीत, मधोमध, तांदळाच्या कणीएवढा. मुलांचे डॉक्टर राउंडला आले तेव्हा त्यांनी बोट लावून पाहिलं. थोडा हलतो आहे, दहा दिवस झाले की दातांच्या डॉक्टरांना दाखवा, असं सांगून तसं कागदावर लिहून दिलं. तो कागद मी फाइलमध्ये सगळ्यांत खाली सरकवला.

मी बी.एस्सी. झालेली. लग्नाआधी काटोलच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. तरी दात घेऊन जन्मलेलं मूल मामाला जड जातं, हे लहानपणापासून ऐकलेलं डोक्यातून जाईना. मला एकच भाऊ. आईवडिलांच्या मागे घरची संत्र्यांची बाग तोच सांभाळतो. म्हणून दाताबद्दल मी कोणाला बोलले नाही. नवऱ्यालाही नाही.

आम्ही तेव्हा नागपूरजवळ वाडीला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. नवरा एका गोदामात सुपरवायझर होता. माझी आई नसल्यामुळे बाळंतपणाला सासूबाई उमरेडहून आल्या होत्या. अर्धं आयुष्य हातमागावर गेलेलं, बोलणं मोजकं. घरमालकीण बाळ बघायला आली तेव्हा त्याने जांभई दिली आणि मी पटकन दुपट्याचं टोक त्याच्या तोंडावर ओढलं. सासूबाईंनी त्याच वेळी मालकिणीला चहाला आत नेलं. मला वाटलं, नशीब.

आठव्या-नवव्या दिवसापासून पाजताना मला कळ यायला लागली. बाळही दोन घोट घ्यायचं आणि तोंड सोडून रडायचं. एकदा त्याच्या ओठांवर रक्त दिसलं. माझं की त्याचं, कळेना. सासूबाई जवळच लंगोटांच्या घड्या करत बसल्या होत्या. त्या उठून आल्या, बाळाची हनुवटी हलकेच खाली केली आणि जीभ उचलून पाहिली. जिभेखाली पांढरट जखम झाली होती.

"म्या पहिल्याच दिवशी पाह्यला वं तो दात," त्या म्हणाल्या. "तुले वाईट वाटन म्हणून बोलली नाही. पण आता लेकरू उपाशी राहून राहिलं."

मला रडू आलं. भावाचं भय मी त्यांना सांगितलं. ते त्यांनाही ठाऊक होतं, त्याच कारणाने त्याही गप्प होत्या. त्यांनी बाळाचे ओठ पदराने पुसले. मग म्हणाल्या, "भावाले फोन कर. त्याच्यासाठीच भेऊन राहिली ना तू? मंग त्यालेच विचार."

भाऊ हसेल किंवा रागावेल असं वाटलं होतं. त्याने दोन्ही केलं नाही. दवाखाना किती वाजता उघडतो, एवढंच विचारलं. नवऱ्याला तोवर मी सांगितलं होतं. त्याला सुई पाहूनही भोवळ येते, हेही भावाला माहीत होतं. "मी सकाळच्या बसनं येतो," तो म्हणाला. "भाच्याले मीच धरतो."

दातांच्या दवाखान्यातली डॉक्टर तिशीच्या आतली असेल. तिने आधी जन्मानंतर व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलं होतं का, ते फाइलमध्ये तपासलं. ते नसेल तर एवढ्या लहान बाळाचं रक्त लवकर थांबत नाही, म्हणाली. मग छोटा एक्स-रे काढला. दात जास्तीचा नव्हता, दुधाचाच होता, फक्त वेळेआधी आलेला, आणि त्याला मूळच नव्हतं. घट्ट असता तर कडा घासून गुळगुळीत केली असती आणि राहू दिला असता. पण तो बराच हलत होता. दूध पिताना निसटून श्वासनलिकेत गेला तर जिवावर बेतेल, म्हणून काढायचा.

हिरडीला बधिर करणारं मलम लावलं. भावाने बाळाचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं. नवरा बाहेर उभा होता. भावाने हात जराही हलू दिले नाहीत. बाळाचं रडणं सुरू होईपर्यंत दात निघालाही. रक्त थांबेपर्यंत कापूस धरून ठेवला आणि मग डॉक्टरने तिथेच पडद्याआड पाजायला सांगितलं. बाळ सलग प्यायलं. मला दुखत होतंच, पण मी हलले नाही.

निघताना तिने सांगितलेलं मी पाळलं. पाजल्यावर ओल्या स्वच्छ फडक्याने हिरड्या पुसायच्या, तोंडात बाटली ठेवून झोपवायचं नाही, पहिला दात दिसला की ब्रश सुरू. डॉक्टरने कागदात बांधून दिलेली दाताची पुडी भावाने खिशात ठेवली होती. पुढे विचारलं तर म्हणाला, शर्टासोबत धुण्यात गेली.

मुलगा तीन वर्षांचा असताना भाऊ मोटरसायकलवरून पडला आणि त्याचा पाय मोडला. माझ्या चुलत सासूने लगेच दाताची आठवण काढली. सासूबाई तिला म्हणाल्या, "रस्त्यात गड्डा होता." विषय तिथे संपला. पण फोनवर अपघाताचं ऐकलं त्या क्षणी मलाही आधी दातच आठवला होता. हे मी भावाला अजून सांगितलेलं नाही. त्याचा पाय बरा झाला. पायऱ्या उतरताना थोडा जपून उतरतो.

मुलाची ती जागा साडेसहा वर्षं रिकामी राहिली. आजूबाजूचे दात तिकडे कलले, त्यामुळे पक्का दात आला तो जरा तिरका. डॉक्टर म्हणतात, बाकीचे येऊ द्या, मग बघू. त्याला स्वतःला त्याचं काही नाही. ब्रश करायचा मात्र कंटाळा आहे, रोज मागे लागावं लागतं.