कुसुमबाईच्या हनुवटीपर्यंत

सरक बरं जवळ, सोनू. पुण्यात बसून वाचत असलीस तरी आजीजवळच बसली आहेस असं समज. ‘मी किती उंच झाली पाहा’ म्हणून फोटो पाठवतेस आणि वर्ष झालं, आसगावची वाट धरत नाहीस! फोटोत तर ताडाचं झाडही टिचभर दिसतं गं. आमची कुसुमबाई असती तर तुला चांगली रागावली असती.

तू तिला पाहिलंस ते येता-जाताच. माझ्या शेजारची, शिवणवाली. कोणी भेटलं की आधी ‘कशी आहेस’ नाही. खांद्यावर वीत टाकून म्हणायची, ‘वाळली वो तू!’ लेकरांना तर अंगाशी उभं करायची आणि आपल्याच अंगावर हात ठेवून सांगायची, ‘पोट्टं कमरेपर्यंत आलं.’

ती जेलात बायकांना शिवणकाम शिकवायला जायची. गावातल्या बाया म्हणत, ‘काहून जातेस वो त्यायच्यात? काय काय करून आल्या असतील!’ सुईत दोरा ओवता ओवता ती सांगायची, ‘मी काज-बटन शिकवते, खटला नाही चालवत.’

एकदा तिथल्या साहेबांनी परवानगी दिली, की शिकणाऱ्या प्रत्येकीने घरच्या माणसासाठी एक कपडा शिवावा. त्यांच्यात बपेरा गावची रेखा होती. हात चांगला, तोंड बंद. तिने पिवळ्या फुलांचं कापड घेतलं आणि लेकीच्या फ्रॉकसाठी खडूने खुणा केल्या. कुसुम पाहते तर फ्रॉक एवढासा.

‘पोरगी केवढी हाय वो?’

‘चार वर्साची, म्याडम.’

चार वर्षांची होती, रेखा आत आली तेव्हा! त्याला किती वर्षं लोटली. पोरीला कधी भेटीला आणलंच नव्हतं, म्हणून मायच्या डोळ्यांत ती तेवढीच राहिली. आणि रेखाच्या सुटकेचे दिवस आता जवळ आले होते. हा फ्रॉक घरी गेला असता, तर पोरगी काय समजली असती? मायला मी माहीतच नाही.

कुसुमने कात्री तेवढी आपल्याकडे ओढली. ‘सुती हाय, आटते. आधी पाण्यातून काढ. पुढच्या खेपेला कापू.’

रविवारी मला घेऊन निघाली बपेऱ्याला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. एसटी बदलता बदलता माझी कंबर धरली. रेखाच्या आईने पाणी दिलं. पोरगी दाराआड.

‘मायनं फ्राक शिवाले घेतला तुले,’ कुसुम म्हणाली.

‘मी फ्राक घालत नाही. अन् मले तिचं काही नाही पायजे.’

कुसुमने टेप बाहेर काढलाच नाही. ‘नको तं नको. माह्यापर्यंत कुठवर येतेस, ते तं पाहू दे.’

असं म्हटल्यावर कोणतं लेकरू मागे राहील? आली, आणि चवड्यांवर उभी राहिली.

‘टाचा टेक, चोट्टे!’

पोरीची आजी हसली, पोरही हसली. टाचा टेकल्या तरी कुसुमच्या हनुवटीला लागत होती. आम्ही अंगण ओलांडलं तेव्हा मागून आवाज आला, ‘पंजाबी ड्रेस घालते मी!’

पुढचं मला कुसुमनेच सांगितलं. रेखासमोर उभं राहून तिने हनुवटीवर हात आडवा धरला. ‘इथपर्यंत आली तुही पोरगी.’ रेखा त्या हाताकडे पाहतच राहिली. मग तिने कुसुमच्या हनुवटीपासून टाचेपर्यंत टेप सोडला आणि तिथंच खाली बसून रडली. रडून झाल्यावर खडूने नव्या खुणा केल्या. कापड पंजाबी ड्रेसच्या अंगापुरतंच निघालं, बाह्या निळ्या लावाव्या लागल्या. शिवणीच्या आत दोन बोटं कापड सोडलं, पोर वाढते म्हणून.

रेखा सुटली त्या दिवशी जेलच्या फाटकाबाहेर आपल्या आजीजवळ ती पोर उभी होती, निळ्या बाह्यांचा ड्रेस घालून. आमच्या कुसुमने आधी काय पाहावं? खांद्याची शिवण! ‘बसली वो बराबर,’ म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

आता लाखनीला हायवेच्या कडेला रेखाचं शिवणाचं दुकान आहे. मापाला जुना कपडा नेला तर परत पाठवते. ‘लेकरू आणा,’ म्हणते.

गेल्या हिवाळ्यात कुसुम गेली. त्याआधी रेखा पोरीला घेऊन भेटायला आली होती. कुसुमला उठवत नव्हतं. ‘उभी राय खाटेजवळ,’ पोरीला म्हणाली, आणि पडल्या पडल्या वर पाहत राहिली. ‘आता माह्याही वर गेली असशील.’

तुझा दिवाळीचा ड्रेस रेखाकडे टाकावा म्हणून परवा मी लाखनीला गेले. तिने टेप गळ्यात अडकवला आणि विचारलं, ‘आजी, नात कुठपर्यंत येते तुमच्या?’

मी हात वर केला, आणि कुठे धरावा ते मला कळेना. ये गं, लवकर ये.